संधिवाताच्या पेशंटचा लाल डोळा: कधी थांबायचं, कधी त्याच दिवशी धावायचं?

मनगट_मणका

नमस्कार. आमवात, ल्युपस, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस अशा आजारांच्या पेशंटच्या हातात देता येईल असं दोन पानी माहितीपत्रक तयार करतोय. सांध्यांचा मजकूर झालाय, डोळ्यांपाशी गाडं अडलंय. आधीची जी पत्रकं बघितली त्या सगळ्यांत एकच ओळ आहे: 'डोळे लाल झाल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवा.' आता आमवाताच्या कितीतरी पेशंटचे डोळे कोरडेपणामुळे रोज संध्याकाळी लाल होतात. ते रोज थोडेच जाणार? आणि ज्याने खरंच जायला हवं तोही मग 'नेहमीचंच आहे' म्हणून बसून राहतो.

विचारायचं आहे ते असं. डोळा लाल झाला तर आजच जायचं, दोन दिवसांत जायचं, की पुढच्या ठरलेल्या तपासणीला सांगितलं तरी चालेल, हे पेशंटने घरी कशावरून ठरवावं? दुसरं, यूव्हिआयटिसचे (डोळ्याच्या आतल्या सुजेचे) स्टिरॉइड थेंब लोक चार दिवसांत सोडून देतात आणि दुखणं उलटतं. ते का उलटतं हे पटेल असं कसं सांगायचं? तिसरं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (आमवात-ल्युपसची गोळी, जी बरीच वर्षं घेतल्यास डोळ्याच्या आतल्या पडद्याला म्हणजे रेटिनाला इजा करू शकते) चालू असलेल्यांना 'डोळे तपासून या' म्हणून पाठवलं जातं आणि ते चष्म्याचा नंबर काढून परत येतात. नेमकी कोणती चाचणी मागायची? आणि लहान मुलांसाठी वेगळा परिच्छेद लागेल का?

औषधांची नावं, आकडे बिनधास्त द्या. पत्रकात डोस छापणार नाही, पण मला ते माहीत हवेत.

काळी_बाहुली

पहिला प्रश्न घेते. पत्रकात लालीला महत्त्व देऊ नका. लाली किती आहे यावरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही. तीन गोष्टी विचारा: दुखतंय का, उजेड सोसत नाही का, आणि नजर कमी झाली आहे का (एकेक डोळा झाकून बघायचं, दोन्ही उघडे ठेवून नाही). तिन्हींचं उत्तर नाही असेल आणि नुसतं खुपत असेल, वाळू गेल्यासारखं वाटत असेल, तर बहुतेक वेळा कोरडेपणा किंवा पापण्यांची सूज. एकाचंही उत्तर हो आलं तर २४ तासांच्या आत स्लिट लॅम्पखाली (नेत्रतज्ज्ञांचं डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) डोळा दिसला पाहिजे.

आता त्यामागे काय काय असू शकतं ते.

अँटिरियर यूव्हिआयटिस, ज्याला जुने डॉक्टर आयरायटिस म्हणतात. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये साधारण चारातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी होतो. एकाच डोळ्यात, एका-दोन दिवसांत चढतो. पुढच्या वेळी दुसऱ्या डोळ्यात येऊ शकतो. लाली बुबुळाच्या कडेला गोल जास्त असते, चिपडं नसतात, नुसतं पाणी येतं. बाहुली लहान होते, कधी वेडीवाकडी दिसते. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: लाल डोळा हाताने झाकून चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी झाकलेला डोळा दुखतो. कारण उजेड एका डोळ्यात पडला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात, आणि सुजलेला आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) आकसताना कळ येते. डोळे आलेत, म्हणजे साधा कंजंक्टिव्हायटिस, त्यात असं होत नाही.

एपिस्क्लेरायटिस आणि स्क्लेरायटिस (डोळ्याच्या पांढऱ्या भागाची वरवरची आणि खोल सूज) यांची गल्लत सर्रास होते. एपिस्क्लेरायटिस वरवरचा: लालभडक, दिसायला भीतीदायक, पण दुखणं किरकोळ आणि नजर शाबूत. बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. स्क्लेरायटिसचं दुखणं खोल, पोखरल्यासारखं असतं. कपाळात, कानशिलात, जबड्यात उतरतं, पहाटे झोपेतून उठवतं, डोळा हलवला की वाढतं, बोट लावू देत नाही. रंग लालपेक्षा निळसर-जांभळट. हा रंग ट्यूबलाइटखाली किंवा मोबाईलच्या फ्लॅशमध्ये कळत नाही, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघावा लागतो. दवाखान्यात आम्ही फिनाइलएफ्रिन २.५ टक्क्याचा थेंब टाकून १०-१५ मिनिटं थांबतो. वरच्या थरातल्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात, खोल थरातल्या तशाच राहतात. ओल्या कापसाच्या काडीने वरच्या वाहिन्या सरकतात, खालच्या सरकत नाहीत.

आणि आता जो प्रकार पत्रकात ठळक टाइपात यावा असं मला वाटतं तो: जुना, दीर्घकाळचा आमवात असलेल्या पेशंटमध्ये डोळ्याचा पांढरा भाग न दुखता, जवळपास लाल न होता पातळ होत जातो. पांढऱ्यावर राखाडी-निळा डाग दिसायला लागतो, कारण आतला काळसर थर बाहेरून दिसू लागलेला असतो. याचं नाव स्क्लेरोमलेशिया परफोरन्स. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. तेव्हा वरच्या तीन प्रश्नांना चौथा जोडा: पांढऱ्या भागावर नवा निळसर डाग आहे का, किंवा बुबुळाच्या कडेला चंद्रकोरीसारखी पांढुरकी रेघ किंवा खळगा दिसतो का? दुसरा प्रकार म्हणजे पेरिफेरल अल्सरेटिव्ह केरटायटिस, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची) कडच वितळते. त्याला थांबायला वेळ नसतो. आणि हे दोन्ही फक्त डोळ्याचे आजार म्हणून घेऊ नका. आमवातात यातलं काही दिसलं तर शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांना सूज असण्याची दाट शक्यता असते. थेंबांनी भागत नाही, संधिवाततज्ज्ञांना त्याच दिवशी फोन जातो, पोटातून किंवा शिरेतून स्टिरॉइड आणि जोडीला रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइडसारखं इम्यून सिस्टिम दाबणारं काहीतरी लागतं.

मनगट_मणका

@काळी_बाहुली, फार उपयोगी. एक शंका. मेडिकलमधून 'लालीचे थेंब' आणून दोन दिवस वाट बघणारे बरेच असतात. त्यांनी काय बिघडतं?

गोळी_थेंब

हे माझ्या काउंटरवरचं. लाली घालवणाऱ्या थेंबांत नॅफॅझोलिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं. लाली दोन तास जाते, मग दुप्पट येते. आजार तसाच आत. पण हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. खरा धोका तीन बाटल्यांचा आहे.

एक, स्टिरॉइड-अँटिबायोटिक एकत्र असलेले थेंब, गेल्या वेळची उरलेली बाटली. लाल डोळा हर्पिसचा असेल तर स्टिरॉइडने कॉर्नियावरची जखम पसरते. इम्यून सिस्टिम दाबणारी औषधं घेणाऱ्यात ही शक्यता मनात ठेवायलाच हवी. फ्लुरेसिनचा रंग टाकून निळ्या उजेडात बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून फोनवर स्टिरॉइड थेंब 'चालू करा' म्हणणं चूक.

दोन, डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकचे थेंब. नावावरून लोकांना वाटतं की स्टिरॉइड नाही म्हणजे सुरक्षित. आमवात आणि कोरडा डोळा एकत्र असेल तर या थेंबांनी कॉर्निया वितळल्याचं चांगलं नोंदलेलं आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हे सर्रास लिहिले जातात, तेव्हा सर्जनला आमवात आहे हे ठणकावून सांगायला सांगा.

तीन, बधिर करणारे थेंब. ते कधीही घरी नेऊ नयेत. विषय संपला.

आता थेंब टाकण्याबद्दल, कारण अर्ध्या 'औषध लागू पडत नाही' तक्रारींचं मूळ इथे असतं. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का हे सस्पेन्शन आहे, म्हणजे औषध तळाशी बसतं. बाटली उलटीसुलटी करून चांगली हलवली नाही तर पहिले आठ दिवस पाणी पडतं आणि शेवटी घट्ट औषध. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात मावतो त्यापेक्षा तो आधीच मोठा असतो, दुसरा गालावरच जातो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दीड-दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये ५ मिनिटं. मलम सगळ्यात शेवटी.

आमवाताच्या पेशंटबाबत कोणी लिहीत नाही ते म्हणजे बोटं. वाकड्या बोटांनी छोटी कडक बाटली दाबणं किंवा एकवेळच्या वापराच्या प्लास्टिक कुपीचं टोक पिळून तोडणं जमत नाही, आणि पेशंट लाजेने सांगत नाही. बाटली धरून दाबायला मदत करणारी साधनं मिळतात. ती नसतील तर झोपून, कपाळावर मूठ टेकवून, तळहाताने दाबायला शिकवायचं. हात पोचतच नसेल तर तासातासाला टाकायच्या थेंबांचं वेळापत्रक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने लिहायचं.

काळी_बाहुली

@गोळी_थेंब, बोटांचा मुद्दा लाख मोलाचा.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, थेंब लवकर सोडण्याच्या. डोळा आतून कसा दिसतो ते पेशंटला सांगितलं की पटतं असा अनुभव सगळ्यांचाच असेल. स्लिट लॅम्पचा १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटरचा झोत कॉर्नियाच्या मागच्या पाण्यात सोडतात. निरोगी डोळ्यात तिथे काळोख असतो. यूव्हिआयटिसमध्ये त्या झोतात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसते तशा. त्या चक्क मोजतात. १ ते ५ पेशी म्हणजे अर्धा प्लस, ६ ते १५ म्हणजे एक, १६ ते २५ दोन, २६ ते ५० तीन, त्यावर चार. औषधाचं वेळापत्रक या मोजणीवर चालतं, दुखण्यावर चालत नाही.

दुखणं दोन-तीन दिवसांत थांबतं ते मुख्यतः बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे: सायक्लोपेंटोलेट, होमॅट्रोपिन किंवा ॲट्रोपिन. आतला स्नायू सैल पडतो म्हणून कळ जाते. पेशी मात्र अजून तशाच. त्या वेळी स्टिरॉइड सोडलं की सूज परत उसळते, आणि आयरिस मागच्या लेन्सला चिकटतो. एकदा चिकटून पक्का झाला की बाहुली वाकडी राहते. गोल सगळीकडून चिकटला तर पाणी पुढे यायचा रस्ता बंद, डोळ्याचं प्रेशर चढतं. तेव्हा बाहुलीचे थेंब 'नजर धूसर होते' म्हणून सोडणं हे स्टिरॉइड सोडण्याइतकंच महागात पडतं. धूसर होणारच आहे, विशेषतः जवळचं. ते आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंटला वाटतं औषधाने नजर गेली.

साधारण क्रम: पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला प्रेडनिसोलोन, मग दोन तासांनी, मग दिवसातून सहा वेळा, चार वेळा, आणि तिथून आठवड्याला एक थेंब कमी. पूर्ण कोर्स ४ ते ८ आठवड्यांचा. प्रत्येक टप्प्याला पेशी मोजून पुढे. प्रेशर पण बघायचं, कारण काहींना स्टिरॉइड थेंबांनी दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रेशर चढतं, आणि ते चढलेलं पेशंटला कळत नाही. म्हणून 'बरं वाटतंय, तपासणी चुकवली' हे दोन्ही बाजूंनी वाईट.

सांधेतज्ज्ञ_रात्रपाळी

यात एक भर. यूव्हिआयटिसवाला पेशंट नेत्रतज्ज्ञाकडे आधी पोचतो आणि पाठीचं कोणी विचारतच नाही. वय ४५ च्या आत सुरू झालेली, ३ महिन्यांहून जास्त टिकलेली पाठदुखी, सकाळी आखडणं, हालचालीने बरं वाटणं, विश्रांतीने न जाणं: असं असेल तर एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेला जनुकीय घटक) करून संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावं. मणक्याचा आजार असा डोळ्यातून पकडला जातो. उलट बाजूने, स्पॉन्डिलायटिसच्या पेशंटला वरचेवर यूव्हिआयटिस होत असेल तर बायोलॉजिक (इम्यून सिस्टिमचा ठराविक दुवा अडवणारं औषध) निवडताना अडॅलिम्युमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबकडे कल ठेवतात. इटॅनरसेप्ट सांध्यांना चालतं पण डोळ्याला तेवढं राखत नाही. सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, आणि यूव्हिआयटिसमध्ये तर दुप्पट महत्त्वाची, कारण टीबी आणि सिफिलिस स्वतःच यूव्हिआयटिस करतात आणि संधिवाताचं सोंग घेतात.

आता तिसरा प्रश्न, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. पेशंटने चिठ्ठीवर दोनच नावं लिहून न्यावीत: मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) एसडी-ओसीटी, म्हणजे थरांचं स्कॅन, आणि ऑटोमेटेड फील्ड, १०-२, म्हणजे मधल्या नजरेची मशीनवरची चाचणी. पूर्व आशियाई वंशाच्या पेशंटमध्ये बिघाड मॅक्युलाच्या बाहेरच्या कडेला सुरू होण्याचं प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून २४-२ किंवा ३०-२ (जास्त रुंद भाग तपासणारं फील्ड) सुद्धा. चष्म्याचा नंबर, अंतरावरची अक्षरं, नुसता पडदा बघणं, रंगांची पुस्तिका, जाळीचा कागद: यातलं काहीही पुरेसं नाही. पडद्यावर बैलाच्या डोळ्यासारखं वर्तुळ दिसायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. अक्षरं तोवर ६/६ वाचता येतात, कारण मधोमधचा ठिपका शेवटी जातो.

कधी करायची: पहिल्या वर्षात एकदा पायाभूत तपासणी, आणि धोक्याची कारणं नसतील तर ५ वर्षांनंतर दरवर्षी. धोक्याची कारणं म्हणजे मूत्रपिंड कमजोर असणं, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाचं औषध) चालू असणं, डोस वजनाच्या मानाने जास्त असणं, किंवा मॅक्युलाचा आधीपासून आजार. यातलं काही असेल तर दरवर्षीची तपासणी लवकर सुरू करायची.

डोस: प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. २०१६ च्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञ अकादमीच्या शिफारशीपासून हाच आकडा चालतो. त्याआधीचं ६.५ मिलिग्रॅम 'आदर्श' वजनाला हे गणित काही चिठ्ठ्यांवर अजून दिसतं, ते सोडून द्यावं. गोळी २०० ची असते म्हणून आठवड्याचं गणित करायचं. उदाहरणार्थ ५२ किलो वजन: दिवसाला २६०, आठवड्याला १८२०. पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस दोन गोळ्या म्हणजे १८००, बसलं. रोज दोन गोळ्या घेतल्या तर २८००, म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि बारीक चणीच्या बायकांना नेमकं हेच दिलं जातं. वजन घटलं की हे परत मोजायचं, ते कोणी करत नाही.

एवढं वाचून कोणी गोळी बंद करू नये म्हणून हेही छापा: डोस बरोबर असेल तर पहिल्या ५ वर्षांत धोका १ टक्क्याच्या खाली, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांच्या खाली. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून तपासणी. पडद्यावरचा बिघाड भरून येत नाही, गोळी थांबवल्यावरही काही काळ वाढू शकतो. पण एका शंकास्पद फील्डवरून गोळी बंद करणंही चूक. ल्युपसमध्ये ती अचानक थांबवली की आजार उसळतो. चाचणी परत करायची, ओसीटीशी ताडून बघायची, आणि निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा.

चष्मा_आणि_तक्ता

फील्डबद्दल बारीकशी सूचना. १०-२ फील्ड थकलेल्या पेशंटवर दुपारी केलं तर निम्मे रिपोर्ट बिनकामाचे येतात. जवळचा नंबर मशीनमध्ये घातलाय ना बघा, कोरड्या डोळ्यात आधी एक कृत्रिम अश्रूंचा थेंब टाका, मान आखडलेल्या पेशंटसाठी हनुवटीचा टेकू नाही तर टेबल वर घ्या. स्पॉन्डिलायटिसमध्ये मान वर होत नाही, कपाळ पट्टीला टेकत नाही, आणि पेशंट हळूहळू मागे सरकतो. रिपोर्टवर 'फिक्सेशन लॉस' (नजर मधल्या ठिपक्यावरून सरकणं) जास्त दिसला तर तो पडद्याचा दोष समजू नये.

कोरड्या डोळ्याचं कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. संख्येने सगळ्यात जास्त तेच असतात. शर्मरची पट्टी (अश्रू मोजायचा कागद) ५ मिलिमीटर रुंद, खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवतात, बधिर न करता ५ मिनिटं. ५ मिलिमीटर किंवा कमी भिजली तर अश्रू खरंच कमी, आणि तोंडही कोरडं असेल तर शोग्रेनच्या (अश्रू आणि लाळेच्या ग्रंथी सुकवणारा आजार) दिशेने तपास, अँटी-रो रक्तचाचणी वगैरे. अश्रूंचा कोरडेपणा दिवसभरात वाढत जातो, संध्याकाळी वाईट. सकाळी उठल्याउठल्या पापण्या चिकटून जास्त त्रास होत असेल तर पापण्यांच्या कडेचा दोष बघायचा, त्याला गरम शेक आणि कडा साफ करणं.

कृत्रिम अश्रू दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्यावेत. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह कोरड्या कॉर्नियाला स्वतःच ओरबाडतं. सायक्लोस्पोरिनचे थेंब झोंबतात आणि फरक पडायला ३ महिने, कधी जास्त लागतात. हे न सांगता दिले की तिसऱ्या आठवड्यात बाटली कचऱ्यात. अश्रूंच्या छिद्रात बूच बसवायचं ते सूज आटोक्यात आल्यावर, नाहीतर सुजेची रसायनंही डोळ्यातच साठतात. झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्या यांनी कोरडेपणा वाढतो, औषधांची पूर्ण यादी बघायची.

मनगट_मणका

मुलांचं राहिलं. आणि म्हाताऱ्या पेशंटमध्ये अचानक नजर जाते त्याबद्दल कुठेतरी ओझरतं वाचलंय. ते पत्रकात यावं का?

बालसंधी

मुलांना परिच्छेद नको, वेगळं पानच हवं, कारण वरचे चारही प्रश्न मुलांमध्ये नापास होतात. जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिसमधला (मुलांच्या संधिवातातला) नेहमीचा यूव्हिआयटिस लाल नसतो, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. १० ते २० टक्के मुलांना होतो. आईवडिलांना कळतं तेव्हा बाहुली वाकडी झालेली असते, बुबुळावर कॅल्शियमचा पांढरा पट्टा आलेला असतो किंवा मोतीबिंदू झालेला असतो.

म्हणून लक्षणांची वाट न बघता तारखेने तपासणी. थोडेच सांधे धरलेले असणं, एएनए (रक्तातली एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आजार ७ वर्षांच्या आत सुरू झालेला आणि सुरू होऊन ४ वर्षं उलटलेली नाहीत: अशा मुलाला दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्प. कमी धोक्याच्या मुलांना ६ ते १२ महिन्यांनी. सांधे शांत आहेत म्हणून डोळेही शांत असतील असं मुळीच धरू नये, दोघांचं वेळापत्रक वेगळं चालतं. मेथोट्रेक्सेट (सूज दाबणारं औषध) कमी करताना किंवा थांबवल्यावर तर तपासणी लवकर लवकर करायची, तेव्हाच उलटतो. एचएलए-बी२७ वाली मोठी मुलं याला अपवाद, त्यांचा डोळा मोठ्यांसारखाच लाल होतो आणि दुखतो.

दोन वर्षांचं मूल स्लिट लॅम्पला बसत नाही ही सबब ऐकू नका. आईच्या मांडीवर उभं धरून, हातात धरायच्या स्लिट लॅम्पने, आणि अगदीच नाही जमलं तर भूल देऊन. टॉर्चने बघून 'ठीक आहे' म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. टॉर्चने पेशी दिसत नाहीत.

उपचार: थेंब, पण दिवसाला एक-दोन थेंबांवर तीन-तीन महिने अडकून पडलं तर मेथोट्रेक्सेट, आणि तेही पुरेनासं झालं तर अडॅलिम्युमॅब दर दोन आठवड्यांनी, ३० किलोच्या आत २० मिलिग्रॅम, पुढे ४०. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला अडॅलिम्युमॅब दिल्याचा फायदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिकॅमोर चाचणीत स्पष्ट दिसला. लहान मुलाच्या एकाच डोळ्यात ॲट्रोपिन बरेच दिवस चालू असेल तर तो डोळा आळशी पडू शकतो, तेही बघावं लागतं.

सांधेतज्ज्ञ_रात्रपाळी

म्हाताऱ्यांचं हो, यायलाच हवं, आणि चौकटीत. जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे कानशिलाच्या आणि इतर धमन्यांची सूज. वय ५० च्या वर, बहुतेक ७० च्या आसपास. नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं आणि थांबलं की कमी होणं, खांदे-कंबर आखडणं. मग क्षणभर एका डोळ्यासमोर पडदा येतो आणि जातो, किंवा दोन-दोन दिसतं. हा इशारा असतो. काही तासांत किंवा दिवसांत नजर कायमची जाऊ शकते आणि उपचार न झाल्यास दुसरा डोळाही जातो. डोळा लाल नसतो, दुखत नाही.

ईएसआर आणि सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) त्याच वेळी पाठवायचे, पण रिपोर्टची वाट बघत स्टिरॉइड अडवायचं नाही. नजरेची तक्रार असेल तर शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, ३ दिवस. ते लगेच जमण्यासारखं नसेल तर तोंडाने किमान ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देऊन पुढे पाठवायचं. कानशिलाच्या धमनीची बायोप्सी नंतर एक-दोन आठवड्यांत केली तरी बदल दिसतात. 'बायोप्सी आधी, गोळी नंतर' या हट्टापायी डोळे गेलेत. पॉलिमायल्जिया (म्हातारपणी खांदे-कंबर आखडवणारा आजार) असलेल्या प्रत्येक पेशंटला ही लक्षणं तोंडपाठ हवीत.

पोटातून स्टिरॉइड ३ महिन्यांहून जास्त चालणाऱ्यांना वर्षातून एकदा तरी प्रेशर आणि लेन्स तपासून घ्यायला सांगा. स्टिरॉइडचा मोतीबिंदू लेन्सच्या मागच्या बाजूला होतो, म्हणून उन्हात किंवा समोरून गाडीचा दिवा आला की दिसत नाही आणि वाचायला त्रास होतो, लांबचं मात्र बरं दिसतं. यूव्हिआयटिस होऊन गेलेल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळा सलग किमान ३ महिने शांत राहिल्यावरच.

काळी_बाहुली

एक सुटलेलं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा तत्सम बिस्फॉस्फोनेट दिल्यावर काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखला तर तो त्या औषधाने झालेला यूव्हिआयटिस किंवा स्क्लेरायटिस असू शकतो. स्टिरॉइडवर असलेल्यांना ही इंजेक्शनं नेहमी मिळतात आणि डोळ्याचं खापर मात्र आमवातावर फुटतं. तेव्हा 'गेल्या महिन्यात कोणतं नवीन औषध किंवा इंजेक्शन घेतलं' हा प्रश्न पत्रकाच्या मागच्या बाजूला, नेत्रतज्ज्ञाकडे न्यायच्या यादीत टाका. त्याच यादीत: वजन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झाल्याचं वर्ष, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा) शेवटचा रिपोर्ट, मागचा ओसीटी (नुसता शेरा नाही, छापील चित्रं), आणि यूव्हिआयटिस झाला असेल तर कोणत्या डोळ्याला, कधी.

मनगट_मणका

मिळालं सगळं. मसुदा असा करतोय: पहिलं पान चार प्रश्न आणि ५० च्या वरच्यांची चौकट, मागे न्यायची यादी, मुलांचं पान स्वतंत्र. @गोळी_थेंब, थेंब टाकायच्या पद्धतीचं चित्र काढून घेतोय, बोटं वाकडी असलेला हातच काढायला सांगितलाय.

गोळी_थेंब

उत्तम. चित्रात बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची जागा दाखवा. बहुतेक बाटल्या उघडल्यावर ४ आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. ते झालं की 'गेल्या वेळची उरलेली बाटली' हा प्रकारच उरत नाही.